हावडा पूल रात्री बारा वाजता बंद होत नाही

कोलकात्याला निघालेल्यांच्या मोबाईलवर हा मेसेज हमखास येतो: ‘हावडा पुलात एकही नट-बोल्ट नाही. त्याला एकही खांब नाही. इंग्रजांनी सगळं पोलाद विलायतेहून आणलं. आणि रोज रात्री बारा वाजता पूल काही मिनिटं बंद ठेवतात, कारण बरोबर बाराच्या ठोक्याला तो कोसळेल, असं इंजिनियर सांगून गेलाय.’

आधी बाराचं बघू. पुलावर ताण येतो तो वजनाचा, वाऱ्याचा आणि तापमानाचा. मध्यरात्री ऊन नसतं, वर्दळही दिवसाच्या मानानं कमीच. उन्हानं पोलाद वाढतं, पण त्यासाठी पुलात मुद्दाम सांधे सोडलेले आहेत. पूल बंद होतो तो दुरुस्तीसाठी किंवा तपासणीसाठी, तेही आधी जाहीर करून. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्री असाच काही तास बंद होता. रोजचं बंद ठेवणं वगैरे काही नाही.

नट-बोल्ट नाहीत, हे मात्र खरं. पण मेसेजवाले त्यात चमत्कार बघतात आणि तिथेच थांबतात. पूल रिव्हेटांनी जोडलाय. रिव्हेट लालबुंद तापवायचा, भोकात घालायचा आणि दुसरं टोक ठोकून बसवायचं. थंड होताना तो आकसतो आणि पत्रे घट्ट आवळून धरतो. पुलावरून चालताना तुळयांवर गोल डोक्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. त्यातला एकेक रिव्हेट कुणीतरी घाम गाळून बसवलाय. ‘चमत्कार’ म्हटलं की ती माणसं पुसली जातात, आणि याचाच मला राग येतो.

‘खांब नाही’ हे अर्धसत्य. हुगळीच्या मधल्या पात्रात खांब नाही, कारण त्यानं गाळ साचला असता आणि जहाजांची वाट अडली असती. पण दोन्ही काठांवर प्रचंड मनोरे उभे आहेत आणि त्यांचा पाया जमिनीत खोल उतरवलेल्या, विहिरीसारख्या बांधकामावर आहे. दोन मनोऱ्यांमधलं अंतर सुमारे ४५७ मीटर. दोन्हीकडून पुढे आलेले बाहू मधला भाग तोलून धरतात.

पोलादाबद्दल तर मेसेज सरळ खोटा आहे. सुमारे २६,५०० टनांपैकी २३,००० टन टाटांनी पुरवलं. महायुद्धामुळे विलायतेचं पोलाद लढाईकडे वळलं होतं. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले आणि ३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल खुला झाला, तो कुठलाही समारंभ न करता. सांगायचीच असेल तर ही हकीकत सांगा.

पुलाला खरा धोका आहे तो पानाच्या पिचकाऱ्यांचा. चुना-काताच्या थुंकीनं, पुलावरचा रस्ता वरून धरून ठेवणाऱ्या लोंबत्या आधारांच्या बुडाचं पोलाद इतकं खाल्लं, की त्यांना फायबरग्लासची आवरणं घालावी लागली. मल्लिक घाटाच्या फूलबाजाराकडून पुलावर चढलात तर ती आवरणं जरूर बघा. आणि बरोबरचा कुणी तिथे थुंकायला लागला, तर त्याला अडवा.