गरिबाला कॅमेरा, पैसेवाल्याला डॉक्टर?

गेला आठवडाभर चुलतभावंडांच्या ग्रुपवर एकच तुणतुणं. तालुक्याच्या दवाखान्यात डायबिटीसवाल्यांच्या डोळ्यांचे फोटो काढून शहरातल्या तज्ज्ञाकडे पाठवणार म्हणे. "म्हणजे गरिबाला कॅमेरा आणि पैसेवाल्याला डॉक्टर," इति दादा. खाली अंगठ्यांची रांग.

अरे दादा, इंग्लंडात सगळ्यांनाच कॅमेरा आहे. लंडनजवळच्या स्लाउमध्ये आम्हा डायबिटीसवाल्यांना जीपीकडच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडच्या, यादीवरून पत्र येतं, बारा वर्षांच्या पोरालासुद्धा. झोंबणारे थेंब, बाहुली मोठी, हनुवटी टेकवायची, फोटो. काढणारी मुलगी डॉक्टर नसते, आणि फोटो तपासणाऱ्याशी माझी आयुष्यात गाठ पडणार नाही. तरी ही तपासणी देशभर पोचल्यानंतर, 2009-10च्या नोंदींत, इंग्लंड-वेल्समधल्या कामकरी वयाच्या अंधांमध्ये डायबिटीस हे पहिल्या क्रमांकाचं कारण उरलं नव्हतं. त्याआधी निदान पन्नास वर्षं तेच होतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात तेव्हा दुखत नाही की खुपत नाही. "मला लख्ख दिसतंय" म्हणणाऱ्या माणसासाठीच तर हा फोटो. आणि हे साहेबाचं कौतुक म्हणून उडवून लावू नकोस. मदुराईचं अरविंद नेत्रालय खेड्यातल्या केंद्रांमधून दुरूनच रुग्ण तपासतं.

इथे आमच्या लोकांना डायबिटीस गोऱ्यांपेक्षा लवकर गाठतो, आणि तपासणी चुकवणारेही आमच्यात भरपूर. शेजारी हीथ्रो विमानतळावर सामान चढवतो. थेंब घातल्यावर काही तास गाडी चालवायची नाही, म्हणजे त्याची शिफ्ट बुडाली. त्याचं पत्र मायक्रोवेव्हवर पिझ्झाच्या जाहिरातींखाली पडलंय. नवा आलेला, जीपीकडे नावच न घातलेला माणूस तर यादीतच नाही. दादा, "जो येणारच नाही त्याच्या दारी कोण जाणार, पुन्हा आशाताईच का?" असं तू विचारलं असतंस तर मी गप्प बसलो असतो. तू मात्र कॅमेऱ्यावर घसरलास.

आता एक गोष्ट, जी ग्रुपवर मी लिहिणार नाही. माझ्या निकालाचं पत्र येतं: सुरुवातीचे बदल आहेत, साखर सांभाळा, पुढच्या वर्षी या. चोख काम. तरी मी त्याचा फोटो काढून मिरजेच्या डॉक्टर मित्राला पाठवतो. तो नेत्रतज्ज्ञही नाही, हाडांचा आहे. "भात कमी कर लेका, आणि येतोयस कधी?" एवढंच त्याचं उत्तर. मग मला बरं वाटतं. दादाला कळलं तर महिनाभर पुरेल.