आक्षेप असावा, आक्षेपार्ह नसावा

वरिष्ठ लेखापरीक्षा अधिकारी झाल्याबद्दल अभिनंदन. आजवर तुम्ही व्हाउचर तपासत होता. यापुढे व्हाउचर तपासणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं आहे. पहिल्या कामात काहीतरी सापडावं अशी अपेक्षा असते. दुसऱ्यात, सापडलंच तर त्याचं काय करायचं, हे बघावं लागतं. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा बहुधा राज्यघटनेतला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. ते पाठ करून ठेवा. १६ नोव्हेंबरला ऑडिट दिवस असतो, त्या दिवशीच्या भाषणात कामी येतं. बाकीच्या ३६४ दिवसांसाठी पुढच्या सूचना आहेत.

आधी आपली पार्टी, म्हणजे लेखापरीक्षेचं पथक, नीट ओळखून घ्या. एक वरिष्ठ लेखापरीक्षक असतील, निवृत्तीला आलेले. कुठल्या कार्यालयात चहा चांगला मिळतो आणि कुठल्या कपाटाची किल्ली ऐन वेळी हरवते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना दुखवू नका. दुसरा असेल एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, परीक्षा देऊन थेट सहायक लेखापरीक्षा अधिकारी म्हणून आलेला मुलगा, घर पाटण्याचं, हुशार, लॅपटॉपवर झरझर हात चालणारा. धोका आहे तो इथे. सुदैवाने त्याला मराठी येत नाही, आणि तालुक्याचं सगळं दप्तर मराठीत असतं, तेही तलाठ्याच्या अक्षरात. अशा वेळी संबंधित कार्यालयातला एखादा तत्पर लिपिक 'सर, मैं बताता हूं ना' म्हणत शेजारी खुर्ची ओढून बसतो. ज्याचा हिशोब तपासायचा, तोच तो वाचून दाखवतो. तुम्ही मध्ये पडू नका. 'गावकऱ्यांनी कामाच्या दर्जाबाबत तीव्र हरकत घेतल्याने सभा तहकूब' या ओळीचं त्या लिपिकाच्या हिंदीत 'ग्रामसभा में अच्छी चर्चा हुई' होतं, आणि सगळ्यांचा दिवस सुखाचा जातो.

दप्तर मागवताना मात्र कडक राहा. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१च्या कायद्यातलं कलम १८ लाल शाईने अधोरेखित करून पत्राला जोडा. कोणत्याही कार्यालयाची तपासणी करण्याचा आणि हवी ती कागदपत्रं मागवण्याचा अधिकार त्या कलमाने दिला आहे. कागद दिले नाहीत तर दंड किती, हे मात्र त्या कायद्यात कुठेच नाही, आणि ही गोष्ट समोरच्या हेडक्लार्कला तुमच्याआधीपासून माहीत असते. त्यामुळे पहिले चार दिवस संबंधित कर्मचारी रजेवर असतील, पाचव्या दिवशी रजिस्टर कोर्टात गेलेलं असेल, सहाव्या दिवशी विभागीय चौकशीत. २१ जून २०१२ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले; तालुक्याच्या कपाटातलं मोजमाप पुस्तकही त्याच आगीत गेलं, असं कुणी सांगितलं तर हसू नका, लिहून घ्या. शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला सगळे गठ्ठे एकदम टेबलावर येतात. मग 'अभिलेख उपलब्ध करून देण्यात आले' अशी नोंद करायची. ती खोटी नसते.

स्थळपाहणीचा महिना तुमच्या हातात असतो, आणि निम्मं पर्यवेक्षण त्यातच येतं. बंधारा बघायला एप्रिल-मेमध्ये कधीही जाऊ नका. त्या दिवसांत बंधारा फार स्पष्ट दिसतो. सप्टेंबरात जावं, पाणी असतं, हिरवळ असते, संयुक्त पाहणीचे फोटोही छान येतात. पाटण्याचा मुलगा म्हणेल, 'सर, पाणी पावसाचं आहे की योजनेचं?' त्याला पुढच्या गाडीत बसवा.

आता मुख्य विषयाकडे येऊ. समजा, हा मुलगा ऐकतच नाही. मुरूम वाहतुकीची बिलं काढतो, त्यावरचे ट्रकचे नंबर वाहन पोर्टलवर टाकतो, आणि संध्याकाळी तुमच्यासमोर यादी ठेवतो. दहा टनांची खेप वाहणारा ट्रक ही एक स्कूटर आहे. दुसरा ट्रक रिक्षा आहे. तिसरा म्हणे रुग्णवाहिका. मुलगा उत्साहात असतो. गुरंढोरं स्कूटरवरून वाहून नेल्याच्या नोंदी चारा घोटाळ्यात निघाल्या होत्या, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. 'सर, सेम टू सेम!' तो म्हणतो. 'तो बिहार होता, हा महाराष्ट्र आहे,' असं ठामपणे सांगा. त्यापुढे त्याला काही बोलता येत नाही.

पण आक्षेप फेटाळायचा नाही. फेटाळलेला आक्षेप फाइलमध्ये राहतो आणि कधीतरी कुणीतरी वाचतो. तो सुधारायचा. पहिल्या मसुद्यात 'बोगस वाहतूक दाखवून रक्कम उचलण्यात आली' असं असेल. 'बोगस' हा निष्कर्ष झाला, आपण निष्कर्ष काढत नाही, म्हणून तो शब्द काढा. 'उचलण्यात आली' हे जरा अंगावर येतं. 'अदा झाल्याचे दिसून येते' करा. कार्यालयाला हाफ मार्जिन, म्हणजे खुलासा मागणारा लेखी आक्षेप, द्या आणि उत्तराची वाट बघा. 'वाहन क्रमांक लिहिताना लिपिकीय चूक झाली असून, अभिलेख तपासून कळवण्यात येईल,' असं उत्तर येईल. एकशे बारा खेपांमध्ये एकशे बारा लिपिकीय चुका कशा, असं मुलगा विचारेल. एकाच लिपिकाने लिहिल्या असतील, म्हणून सांगा. आता उत्तर आलंय म्हटल्यावर मुद्द्याची तीव्रता आपोआप कमी होते. मग तो तपासणी अहवालाच्या भाग दोन-अमधून, म्हणजे गंभीर मुद्द्यांतून, दोन-बमध्ये, म्हणजे कमी गंभीर मुद्द्यांत, आणा. तिथे जागा नसेल तर टेस्ट ऑडिट नोटमध्ये टाका; ती नोट त्याच कार्यालयाच्या प्रमुखाने निकालात काढायची असते, म्हणजे ज्याचं लग्न त्याच्याच अंगणात. शेवटी उरतो तो मजकूर असा: 'वाहतूक देयकांवरील वाहन क्रमांकांच्या नोंदी अद्ययावत ठेवण्याबाबत दक्षता घ्यावी.' वाचून पाहा. ट्रक गेला, स्कूटर गेली, मुरूम गेला, पैसेही गेले, आणि तरी वाक्य खरं आहे!

यामुळे पार्टीची कामगिरी खालावेल अशी काळजी नको. वरचे साहेब पॅऱ्यांची, म्हणजे अहवालातल्या आक्षेपांची, संख्या आणि मनी व्हॅल्यू, म्हणजे त्यात गुंतलेली रक्कम, बघतात, आणि संख्येला छोटी माणसं पुरतात. अंगणवाडी सेविकेने खिचडीच्या तांदळाची नोंद दोन दिवस उशिरा केली असेल, ग्रामसेवकाच्या प्रवास भत्त्यात एसटीचं तिकीट जोडलेलं नसेल, शिपायाला सणाची उचल एका हप्त्याने जास्त गेली असेल. इथे तुमची सगळी तत्त्वं बाहेर काढा. वसुली प्रस्तावित करा, जबाबदारी निश्चित करा, सेवापुस्तकात नोंद घ्यायला लावा. ही माणसं चार आठवड्यांच्या मुदतीत उत्तर देतात, पैसेही भरतात. चलनाची प्रत जोडली की 'ऑडिटच्या निदर्शनास आल्यानंतर वसुली' असं लिहिता येतं, आणि ते तुमच्या नावावर चढतं.

पाहुणचाराबद्दल आचारसंहिता स्पष्ट आहे: ज्यांचं ऑडिट, त्यांचा पाहुणचार घ्यायचा नाही. म्हणून शिर्डीचा पास स्वतःच्या नावावर घेऊ नये, मेहुण्याच्या नावावर घ्यावा.

एखाद्या वेळी हे सगळं करूनही एखादा अहवाल धडधाकट बाहेर पडतो. पार्टीत हट्टी माणसं असली की होतं असं कधी कधी. तरी घाबरू नका, पुढची वाट लांब आहे. अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात, आणि तिथे अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदार परतीच्या गाडीचं बघत असताना पटलावर ठेवला जातो. मग लोकलेखा समिती. जलयुक्त शिवारचंच घ्या. डिसेंबर २०१४मध्ये योजना आली, २०१९पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त होणार होता. सप्टेंबर २०२०मध्ये अहवाल आला: ९,६३३.७५ कोटी खर्च झाले, भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम अत्यल्प. तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं, त्यामुळे अहवाल एकदम आवडता झाला, चौकशी लागली. मग सरकार पुन्हा बदललं आणि २०२३मध्ये जलयुक्त शिवार २.० आलं. अहवाल तोच होता, अक्षरही बदललं नव्हतं. विरोधी बाकावर असताना तो ग्रंथ असतो, समोरच्या बाकावर गेलं की रद्दी. यात कुठल्याच पक्षाने आजवर भेदभाव केलेला नाही, हे मान्य करायला हवं. त्या लेखापरीक्षा पार्टीतल्या लोकांनी गावोगाव हिंडून विहिरींचे आकडे जमवले असतील, त्यांना काय वाटलं असेल हे विचारायची पद्धत नाही.

राहता राहिला तो पाटण्याचा मुलगा. त्याच्या गोपनीय अहवालात चांगलं लिहा, मनापासून लिहा. पुढच्या बदलीत त्याला हिंदी पखवाड्याचं काम द्यावं अशी शिफारस करा. भाषा त्याचीच आहे, तक्रार करणार नाही. दोन-तीन वर्षांत तोही मसुदे तुम्हाला न दाखवता स्वतःच सुधारू लागेल.

आणि तुमचंही पुढचं बघून ठेवलेलं बरं. निवृत्तीनंतर अनुभवी लेखापरीक्षकांना महामंडळं, महापालिका सल्लागार म्हणून मानधनावर घेतात. काम सोपं असतं: प्रलंबित पॅऱ्यांचं अनुपालन लिहायचं. पहिल्याच दिवशी टेबलावर जो गठ्ठा येईल त्यात वाहन क्रमांकांच्या दक्षतेचा तो पॅराही असेल, अजून निकाली न निघालेला. 'दक्षता घेण्यात येत आहे' असं उत्तर लिहा आणि सही करा. हा पॅरा मुळात कोणत्या प्रकरणावरून निघाला होता, असं तिथल्या एखाद्या नव्या मुलाने विचारलंच, तर अभिलेख तपासून कळवतो म्हणा.