डायलिसिस बंद करायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रविवारी आमच्या भावकीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला, "डायलिसिस हा सापळा आहे, वाचा आणि दहा जणांना पाठवा". ह्यावेळी लिहितोच, कारण मागच्या महिन्यात ह्याच मेसेजपायी माझे मामा जाता जाता राहिले.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डायलिसिस एकदा लावलं की जन्मात सुटत नाही, डॉक्टर पैशासाठी घाई करतात, ते बंद करून 21 दिवस रोज सकाळी दोन शहाळी आणि एक काढा घेतला की क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) 9 वरनं 1 वर येतं, साध्या मिठाऐवजी सैंधव खा, आणि किडनी देणारा माणूस कायमचा अधू होतो.

शहाळ्याचं आधी सांगतो, कारण जीव त्यानंच जायचा होता. धडधाकट माणसानं शहाळं खुशाल प्यावं. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, एका कपात साधारण 600 मिलिग्रॅम. किडनी चालू असली की जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, बंद पडली की ते रक्तातच साठतं आणि थेट हृदयाचा ठोका बिघडवतं. दुखत नाही, खुपत नाही, कधी नुसते पाय गळाल्यासारखे होतात आणि मग ठोकाच थांबू शकतो. मामांना दिवसभराच्या जेवणात मिळून 2 ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम चालतं. दोन मोठी शहाळी म्हणजे तेवढं सगळं चहाच्या आधीच संपलं.

आमची मामी बटाटा चिरून गरम पाण्यात भिजत घालते, ते पाणी ओतून देते आणि मग दुसऱ्या पाण्यात शिजवते, नुसतं पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. मामांच्या पाण्याला एक वेगळा तांब्या ठेवलाय, सकाळी एकदाच भरायचा, गोळीबरोबरचा घोटसुद्धा त्यातलाच. दीड वर्ष त्या बाईनं असं मोजून मापून सांभाळलं आणि एका मेसेजनं आठ दिवसांत सगळं पाण्यात.

मामांनी दोन वेळचं डायलिसिस चुकवलं, घरात सांगितलं की मशीन बंद आहे. रात्री अडीचला मामीचा फोन. पलूसला पोचलो तर मामा भिंतीला टेकून बसलेले, आडवं होता येईना, दोन शब्द बोलले की धाप, आणि पाय उचलून गाडीत ठेवावे लागले. मिरजेत पोटॅशियम निघालं 7.4, असायला पाहिजे साधारण 5 पर्यंत. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि लगेच मशीनवर घेतलं. सकाळी सातला मामा उशीवर मान टाकून झोपले तेव्हा मामी पहिल्यांदा खाली बसली.

मेसेज पाठवणाऱ्यांनो, हे तुमच्या घरात झालं असतं तर?

काढ्याचं बोलायचं तर आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, आमच्या आजीचा अर्धा संसार त्यावर चालला. पण पुडीवर काय घातलंय ते लिहिलेलं नाही आणि किडनीच्या माणसाला तेच सगळ्यात धोक्याचं. 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या औषधात एक वनस्पती घातलेली होती, शंभरावर बायकांच्या किडन्या त्यात खराब झाल्या. आपल्याकडची ईश्वरी नावाची वेल त्याच कुळातली आहे. म्हणजे झाडपाल्याचं आहे म्हणून बाधत नाही हे डोक्यातनं काढा.

आणि "अमक्याचं क्रिएटिनिन उतरलं" हे खरं असू शकतं की. क्रिएटिनिन स्नायूंतनं तयार होतं, खाणं सुटून माणूस वाळला की आकडा आपोआप खाली येतो, किडनी मात्र होती तिथंच. नाहीतर त्या माणसाची किडनी तात्पुरतीच बसलेली असते, ती काढ्याशिवायही सुधारली असती.

ह्यातच "एकदा लागलं की सुटत नाही" ह्याचं उत्तर आलं. आपल्या ऊसपट्ट्यात घोणस चावून किडनी बंद पडलेली माणसं येतात, कुणी गॅस्ट्रोनं, कुणी लेप्टोच्या तापानं. काही दिवस, काही आठवडे डायलिसिस होतं आणि बऱ्याच जणांचं बंदही होतं. 1945 साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फच्या मशीनवर जी पहिली बाई वाचली तिचंसुद्धा डायलिसिस सुटलं होतं, पुढं कित्येक वर्षं ती जगली. मामांसारखं शुगर-बीपीनं वर्षानुवर्षं खराब होत गेलेल्या किडनीचं तसं होत नाही, पण तिथं मशीन सुटत नाही ते किडनी मेलीय म्हणून, मशीननं चटक लावलीय म्हणून नाही.

आता एक मान्य करतो, मनावर दगड ठेवून. घाई होऊ शकते हे अगदीच खोटं नाही. 2010 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा अभ्यास आला, 828 पेशंट, निम्म्यांना डायलिसिस लवकर लावायचं ठरवलं आणि निम्म्यांना किडनी आणखी उतरेपर्यंत थांबवायचं. वाचण्याच्या प्रमाणात दोन्हीकडं फरक पडला नाही. म्हणजे फक्त आकडा बघून "उद्याच सुरू करा" म्हणलं तर का म्हणून जरूर विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पण त्याच अभ्यासात थांबवलेल्यांपैकी साधारण चारातल्या तिघांना ठरल्याच्या आधीच सुरू करावं लागलं, कारण त्रास व्हायला लागला. थांबलेली माणसं डॉक्टरच्या नजरेखाली थांबली होती, घरात शहाळी पीत नव्हती. आणि चालू असलेलं बंद करा असं तर तिथं कुणीच म्हणलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, 2016 पासून केंद्राची डायलिसिस योजनाही आहे, गरिबाला त्यात मोफत होतं. जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च राहतोच, तो खरा आहे. जत-आटपाडीकडच्या माणसानं आठवड्यातनं तीनदा चार-चार तासांसाठी यायचं म्हणजे आठवडाच संपला. त्यांनी पोटाच्या डायलिसिसचं विचारावं, पोटात नळी बसवतात, दोन लिटरच्या आसपास पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातनं तीन-चार वेळा, घरीच. हात धुण्याची आणि खोलीची स्वच्छता मात्र काटेकोर पाहिजे, इन्फेक्शन झालं तर अवघड. हे आम्हाला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा राग आहेच.

सैंधव: तेही सोडियमच आहे. आणि बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात बऱ्याचदा पोटॅशियम घातलेलं असतं, ते तर अजिबात नको.

किडनी देणारा अधू होत नाही. राहिलेली किडनी वाढून बरंचसं काम उचलते. पुढं किडनीचा त्रास व्हायचा धोका थोडा वाढतो, म्हणून तर आधी एवढ्या तपासण्या असतात आणि नंतर दरवर्षी दाखवायचं असतं. घेणाऱ्याला गोळ्या जन्मभर, पण आठवड्यातल्या तीन फेऱ्या सुटतात, आणि ज्यांना झेपतं त्यांना मशीनपेक्षा आयुष्यही साधारण जास्त मिळतं.

मामीनं स्वतःहून रक्त तपासून घेतलं, कुणी म्हणलं नव्हतं. तिचा बी ग्रुप आणि मामांचा ओ, जुळत नाही. म्हणून आता स्वॅपचं बघतोय, 2011 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ते चालतं, म्हणजे अशीच अडलेली दुसरी जोडी शोधायची, त्यांच्या घरातला आपल्याला आणि मामी त्यांच्या माणसाला. बरोबरीनं हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव घालायचंय, ओ ग्रुपला वाट जास्त बघावी लागते. तोपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार मिरज. डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई घालायला जोडून ठेवलेल्या रक्तवाहिनीवर, मामी रोज सकाळी बोटं ठेवून बघते, आत घुर्र घुर्र लागलं की चहा टाकते.