शोषखड्डे तुंबतातच, मग अनुदान मागायचं कशाला?

नमस्कार. पंचगंगेकाठच्या गावांनी सांडपाण्यासाठी अनुदान कसं मागावं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शोषखड्डे (घरचं सांडपाणी जमिनीत मुरवणारे, दगड भरलेले खड्डे) वर्षभरात तुंबतात आणि पाणी पुन्हा ओढ्यालाच मिळतं, नदी नासवतात ती शहरांची गटारं आणि कारखाने, मग खेड्यांच्या नावाने पैसे का घालवायचे, आणि पाणी तपासणीचे अहवाल म्हणजे फायलीचं वजन वाढवण्याचा उद्योग.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो लवकर संपतो. शहरांचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. पण शहराच्या मैलापाणी प्रकल्पाचा पैसा वेगळ्या लेखाशीर्षाखाली येतो. गावाने आपला निधी परत जाऊ दिला म्हणून इचलकरंजीला एक लिटरही जास्त पाणी शुद्ध होणार नाही. आणि तुमच्या ओढ्याचं तोंड जिथे नदीला मिळतं, त्याच्या खाली कुठल्या तरी गावाची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उचलायची विहीर, असते.

आता खड्डे. तुंबतात, हे खरं. पण ते नशिबाने तुंबत नाहीत, अंदाजपत्रकातच तुंबलेले असतात. नेहमीचा खड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल. पाइप जमिनीखाली फूटभर शिरतो, म्हणजे पाणी मुरायला खालच्या ३ फुटांच्या चारच भिंती उरतात: ४८ चौरस फूट, सुमारे साडेचार चौरस मीटर. जलजीवन मिशन या नळपाणी योजनेच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर पाणी आलं, तर नहाणी-मोरीतून ४० लिटर तरी बाहेर पडतं. पाच माणसांच्या घराचे रोजचे २०० लिटर झाले. साडेचार चौरस मीटर भिंत ते पिणार का, हे जमीन ठरवते, शासन निर्णय नव्हे.

ते तपासायची रीत भारतीय मानक २४७० मध्ये दिलेली आहे आणि तिला खर्च नाही. खड्ड्याच्या खोलीवर वीतभर रुंदीचं भोक घ्या, तळाला ५ सेंमी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी खडीच्या वर १५ सेंमी पाणी ठेवा आणि अर्ध्या तासात किती उतरलं ते मोजा. त्यावरून २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की एक चौरस मीटर भिंत दिवसाला किती लिटर घेईल ते मिळतं. ९ मिनिटं आली तर ६८ लिटर, म्हणजे खड्डा ३०० लिटर पितो; निवांत. २० मिनिटं आली तर जेमतेम २००. ६० मिनिटं आली तर १२० च्याही आत, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा फोटो निघण्याआधीच खड्डा हरलेला. एक सावधगिरी: ही चाचणी मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानात घेऊ नका. तेव्हा जमीन घटाघटा पिते आणि ऑगस्टमध्ये तीच तोंड मिटून बसते.

राधानगरी-पन्हाळ्याकडच्या तांबड्या, मुरमाड गावठाणात खड्डे चालतात. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यात, जिथे हात-दोन हात खणलं की पाणी लागतं, तिथे ते घेऊच नयेत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा शोषखड्ड्यांचा नमुना गाजला, तो योग्यच. पण माती न बघता तोच नकाशा सगळीकडे छापायचा, हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

जमीन पीत नसेल तर गटाराच्या शेवटी स्थिरीकरण टाकी (गाळ खाली बसवणारी) आणि खडीचा वाफा (झाडं लावलेल्या खडीतून पाणी गाळणारा). दोन हजार वस्तीच्या गावाचं दिवसाचं पाणी ८० हजार लिटर. माणशी १ चौरस मीटर वाफा धरला तर २० गुंठे जागा हवी, आणि तीही निळ्या पूररेषेच्या (जिच्या आत बांधकामाला बंदी असते) बाहेर. खरी अडचण इथेच येते, पैशात नाही. म्हणून वरच्या मुरमाड गल्ल्यांना खड्डे आणि उरलेल्यांना वाफा अशी वाटणी केली की जागा निम्म्यावर येते. वाफा ६० सेंमी खोल, खडी १० ते २० मिमी, तोंडाशी आणि शेवटाला ४० ते ६० मिमीचे दगड, वर कर्दळ. पाण्याची पातळी खडीच्या ५-१० सेंमी खाली राहिली पाहिजे, म्हणजे डास होत नाहीत. वाफा बिघडतो तो दोन कारणांनी. ठेकेदार क्रशरची न धुतलेली खडी ओततो आणि तिच्यातली चुरी पोकळ्या बुजवते. किंवा टाकीतला गाळ कुणी काढत नाही, तो वाफ्याच्या तोंडाशी बसतो, पाणी वरून वाहायला लागतं आणि गाव म्हणतं, ‘योजना फसली’. अंदाजपत्रकात ‘धुतलेली खडी’ हे दोन शब्द नसतील तर नंतर भांडून उपयोग नाही.

पैशाचा हिशोब लेखात धावता झाला होता, ती चूक माझी. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी कमाल २८० रुपये, त्यावरच्या गावाला ६६०. दोन हजारांच्या गावाला ५ लाख ६० हजार. त्यातले ७० टक्के, म्हणजे ३ लाख ९२ हजार मिशनचे. उरलेले १ लाख ६८ हजार ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतून घालायचे होते. (४,९०० आणि ५,१०० वस्तीच्या शेजारी गावांत यामुळे १३ लाख ७२ हजार आणि ३३ लाख ६६ हजार असा फरक पडतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.)

हा सगळा पैसा खणण्याचा आहे, गाळ काढण्याचा नाही. तुमचा राग खरं तर इथे असायला हवा होता. त्या वित्त आयोग निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे होते, त्यातला निम्मा भाग स्वच्छतेसाठी. आराखड्यात बांधकामाशेजारी देखभालीची वेगळी ओळ घातली नाही, तर पुढच्या वर्षी गाळ काढायला छदाम उरत नाही. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीत हे जास्त सोपं आहे: ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडलं तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात. मात्र संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, प्राप्तिकराच्या १२अ आणि ८०जी नोंदण्या आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. बहुतेक अर्ज सगळी रक्कम पहिल्या वर्षी मागतात. तसं करू नका. तिसऱ्या वर्षी गाळ काढायचे पैसेही मागा.

खड्ड्यांतली चोरी पकडायलाही अर्जातच सोय ठेवता येते. झाकण बसल्यावरच्या फोटोत दोन फुटांचा खड्डा आणि चार फुटांचा खड्डा सारखाच दिसतो. बिलाआधी तीन फोटो मागा: रिकाम्या खड्ड्यात उभा टेप, दगड भरल्यावर, आणि खड्ड्याआधी कचरा अडवणाऱ्या जाळीच्या चेंबरचं झाकण उघडं असताना.

अहवालांबद्दल तुमचा संशय रास्त आहे. नदीतली एक बाटली वर्षातून एकदा भरून काही कळत नाही. प्रवाह मोजायला ओढ्याच्या तोंडाशी पत्र्याची ९० अंशांची व्ही-खाच बसवा. खाचेवर ५ सेंमी पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, १० सेंमी म्हणजे जवळपास साडेचार लिटर. पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाला नोंद घ्या, कारण सकाळी धुण्याभांड्यांचा लोंढा असतो आणि दुपारी ओढा सुकतो. त्याच दिवशी ओढ्याचं, त्याच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं पाणी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्या. आंघोळीच्या पाण्याला बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. प्रवाह गुणिले बीओडी, हा आकडा कामाआधी आणि नंतर काढला तरच अनुदानाने काय केलं ते समजतं.

राहिला तुमच्या दारातला खड्डा. झाकण काढून बघा. चेंबरमध्ये पाणी उभं आणि खड्डा कोरडा असेल तर पाइप चोंदलाय, सळी घाला. खड्डा भरलेला असेल तर दोन दिवस नहाणीचं पाणी दुसरीकडे वळवा. पातळी उतरली तर खड्डा लहान पडतोय, शेजारी दुसरा घ्या. उतरली नाही तर भिंतींवर साबण आणि राखेचा लेप बसलाय: दगड काढून धुवा, भिंती दोन बोटं खरवडा आणि दगड परत भरा.