दर दोन तासांनी खा म्हणे!

"दर दोन तासांनी थोडं थोडं खा, चयापचयाची चूल पेटती राहील. पोट रिकामं ठेवलंत तर शरीर घाबरून चरबी साठवतं. आणि सातनंतर खाल्लेल्याची थेट चरबी होते." गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत सगळ्यांच्या फोनवर आलेला हा सल्ला. तीन वाक्यं, त्यातलं शेवटचं तेवढं थोडंफार विचार करण्याजोगं.

आधी ती चूल. अन्न पचवायला शरीराची ऊर्जा खर्च होते, हे खरंच. मिश्र जेवणात हा खर्च साधारण १० टक्के असतो. पण तो एकूण किती खाल्लं यावर ठरतो, किती वेळा पानावर बसलात यावर नाही. १,८०० कॅलरी तीन जेवणांत खा, दर वेळी ६० खर्च, एकूण १८०. त्याच सहा वेळा खा, दर वेळी ३०, बेरीज पुन्हा १८०. लाकडं तेवढीच गेली की हो चुलीत! खर्च वाढवायचाच तर हुमणातला (माशांच्या आमटीतला) एखादा बांगडा जास्त घ्या, सोमवारी मूग-चवळी घ्या. प्रथिनं पचवायला २० ते ३० टक्के जातात, तेलातुपाला फार तर ३.

कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ लठ्ठ माणसांपैकी काहींना रोज तीन जेवणं दिली, काहींना तीन जेवणं आणि तीन खाणी. कॅलरी दोघांच्या सारख्याच कमी केलेल्या. आठ आठवड्यांनी वजनातली घट जवळपास सारखी. अभ्यास लहान, पण तिथे खाणं मोजून होतं. आपल्याकडे अकरा वाजता 'थोडं' म्हणून पातळभाजी आणि दोन पाव येतात, मागून मिरची भजी, समोरच्याने मागवलाय म्हणून अर्धा बन. हे कोण मोजतंय?

उपाशीपोटी चरबी साठते, हे तर उलटंच. नाश्ता चुकला म्हणून शरीर दुकान बंद करत नाही. निरोगी माणसांना दोन-तीन दिवस उपाशी ठेवून मोजलं तेव्हा विश्रांतीतला ऊर्जाखर्च किंचित वाढलेला आढळला. तो खरोखर घसरतो दीर्घ उपासमारीत. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तो खूप खाली आला. पण ते तरुण हाडांचे सापळे झाले होते, जाडे नव्हेत!

राहिलं सातचं कुंपण. दुपारी दुकान बंद ठेवणारा माणूस रात्री आठला शटर ओढतो. जत्रेच्या नाटकाची तालीम नऊला सुरू झाली तर भात-हुमण साडेअकराला. त्याने सातला जेवायचं कधी? सातच्या ठोक्याला शरीरात काही पालटत नाही. मात्र २०२२ च्या एका छोट्या प्रयोगात तेच जेवण चार तास उशिरा दिल्यावर भूक वाढली आणि जागेपणीचा ऊर्जाखर्च थोडा कमी झाला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये दिवसाच्या कॅलरींचा मोठा वाटा सकाळी किंवा रात्री देऊन पाहिला. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, सकाळी भरपेट खाणाऱ्यांना भूक कमी लागली. म्हणजे वेळेचा संबंध आहे, पण तो बराचसा भुकेशी.

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी घेणाऱ्यांना डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलं असेल, तर ते साखर खाली जाऊ नये म्हणून. त्यांनी हे वाचून जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नयेत.