रोझा पार्क्सला मधात आणू नका

परवा घरच्या ग्रुपवर मामेभावानं एक फॉरवर्ड टाकला. वरून स्वतःची ओळ: "पाय ताई, विहारातल्या बायायचं बी हेच चालू हाय." गावातल्या दलित बाया विहारात फक्त आपल्या-आपल्यात बैठक घेतात, त्यावर हा टोमणा. मजकूर थोडक्यात असा. २०१७ साली पॅरिसमध्ये काळ्या बायकांनी महोत्सव भरवला आणि गोऱ्यांना बंदी केली. अमेरिकेत बसमध्ये एकत्र बसता यावं म्हणून लढलेली काळी बाई रोझा पार्क्स हे पाहून रडली असती. भेदभाव मिटवायचा तर वेगळं बसूच नये. असे दहा येतात आठवड्याला, मी वाचतही नाही. पण याच्या खाली आमच्या आईनं हात जोडले, म्हणून बसले लिहायला.

पॅरिसचं आधी उरकते. महोत्सवाचं नाव न्यान्सापो. बराचसा भाग काळ्या बायकांसाठी राखीव होता, हे खरं. एक भाग सगळ्यांना खुला होता, हेही खरं. महापौर आन इदाल्गो यांनी आधी बंदीची भाषा केली, मग तोडगा निघाला: सार्वजनिक जागेतलं सगळ्यांना खुलं, राखीव बैठका खाजगी जागेत. फॉरवर्ड बंदीपाशीच थांबतो.

पण रोझा पार्क्स? अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांच्या. काळ्या माणसानं पुढून तिकिटाचे पैसे द्यायचे आणि पुष्कळदा उतरून मागच्या दारानं चढायचं. १ डिसेंबर १९५५ ला पार्क्स काळ्यांच्या भागातच बसली होती. एक गोरा उभा राहिला म्हणून ड्रायव्हरनं त्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं. ती उठली नाही, तर पोलिसांनी नेलं. पुढे ३८१ दिवस काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. मागे कायदा, समोर पोलीस, आणि हे सगळं रोजच्या कामावर जाण्याच्या वाटेवर. याची बरोबरी विहारातल्या सतरंजीशी? महिन्यातून एकदा दोन तास बाया दार लोटून बसतात, त्यानं गावात कोणाची बस चुकली, कोणाची मजुरी बुडाली, कोणाचं पाणी तुटलं? बहिष्काराच्या संघटनेत रॉबर्ट ग्रेट्झ नावाचा गोरा पाद्री होता, असं कोणी म्हणेल. होता, आणि त्यापायी त्याच्या घरावर बॉम्बही पडला. पण चळवळ कशी चालवायची हे त्यानं ठरवलं नव्हतं.

एकत्र बसल्यानं आपोआप काय होतं ते पाहायला अमेरिकेला कशाला जायचं, नागपूर पुरे. १९३७ मध्ये तिथं अखिल भारतीय महिला परिषद भरली. मुलींची शाळा चालवणाऱ्या दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरी तिथं गेल्या, तर जेवणाला त्यांना वेगळं बसवलं. परिषद सगळ्या बायकांची, पंगत मात्र जातीची! १ जानेवारी १९३८ ला दलित बायकांनी निषेधाची सभा घेतली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये हे आहे, भावानं वाचावं. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची स्वतःची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी हवी, असे ठराव तिथं झाले. वेगळं बसून त्यांनी जात वाढवली म्हणता?

आता मला सलणारं. आम्ही कुणब्याचे. विहारात बसणारी एक जण माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी येऊ का विचारलं, तर म्हणाली, "चायले ये, पन बैठक झाल्यावर ये." वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले तेव्हा फॉरवर्डवाल्यासारखंच मनात आलं होतं. चहा पिताना तिनं आतलं थोडं सांगितलं. निंदणाला गेलं की कोणत्या घरी अजून वरून पाणी ओततात, त्याची यादी निघाली होती. माझ्यासमोर ती निघाली नसती.

त्या यादीत आमच्या मामीचं नाव होतं. फॉरवर्ड टाकणाऱ्याच्या आईचं.