‘नुसते गेम खेळवून पैसे घेतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की पक्षाघातानंतरच्या सरावासाठी लातूरला आमच्या सेंटरला खेटे घालून वडिलांना इथं नुसते कॉम्प्युटर गेम खेळवले, अर्ध्या तासात उठवलं, स्क्रीनवरचे मार्क वाढले. पण घरी ते अजूनही ताटातली उजवीकडची अर्धीच भाकरी खातात. वडिलांची फाइल मी इथं चारचौघांत उघडणार नाही. तुम्ही जे लिहिलंय, तेवढ्यावरच बोलतो.

एकाच बाजूची भाकरी उरते तेव्हा प्रश्न भुकेचा नसतो. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका बसला की बऱ्याच पेशंटला डावी बाजू जाणवतच नाही. डोळे धड असतात, मेंदू तिकडची दखल घेत नाही. ताट अर्धं फिरवून बघा, राहिलेली भाकरी बहुतेक संपेल. तुम्ही ज्याला गेम म्हणता, त्यात पडद्यावर पसरलेल्या चित्रांतून एक हुडकायचं असतं आणि डाव्या कडेला जाड लाल पट्टी असते. आधी नजर पट्टीपर्यंत न्यायची, मग शोधायला लागायचं, एवढाच धडा. जमत गेलं की चित्रं वाढतात, चुकायला लागलं की कमी होतात. माउस आम्ही ठेवलाच नाही, बोटानं दाबायचं. जन्म शेतात गेलेल्या माणसाला माउस कशाला शिकवायचा?

वेळ अर्धाच तास, कारण झटक्यानंतर मेंदू लवकर थकतो. मग चुका वाढतात, माणूस चिडतो. दोन तास बसवून बिल वाढवणं आम्हालाही जमलं असतं!

मार्कांचं तुमचं म्हणणं खरंय, आणि पहिल्या दिवशी देतो त्या कागदावर ते छापलेलंही आहे. ज्याचा सराव कराल ते सुधारतं. रोजच्या कामात ते किती उतरेल याची हमी कुठलाही अभ्यास देत नाही. म्हणून तर घरची वही देतो. ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी, पेपरच्या डाव्या समासाला तीच, मोंढ्यातून आणायच्या सामानाची यादी त्यांच्याकडूनच पाठ म्हणून घ्यायची. हे घरच्यांनीच करायचं असतं, त्याला आमचा पडदा पुरत नाही.

झालेल्या सेशनची फी परत होणार नाही. पण वही आणि घरातलं एक माणूस घेऊन या, एक सेशन फी न घेता नुसतं घरच्या कामांवर बसू. तोवर, डॉक्टर हो म्हणेपर्यंत, त्यांच्या हाती मोटारसायकल देऊ नका. डावीकडून आलेला उसाचा ट्रॅक्टर त्यांच्या लक्षातच येणार नाही.